पूर्व भागात सगळे तेलुगूच कसे? (घर घेण्याआधी विचारतोय)

बार्शीवाला
बदलीवर सोलापूरला आलोय. अशोक चौकाच्या पलीकडे दोन खोल्यांचं घर बजेटमध्ये बसतंय. पण ऑफिसात ज्याला सांगावं तो म्हणतो, "तिकडं कशाला? तिकडं सगळं तेलुगू." भाजीवाली तेलुगूत बोलते हे खरंय, माझ्याशी मात्र मराठीत. एवढे लोक एकाच अंगाला कसे आले? ठरवून?

दाजीपेठेचा_माग
ठरवून कोण येतंय हो! आमचे आजोबा पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर, तेलंगणातल्या नलगोंड्याकडचे. तिकडं मागावर पोट भरेना म्हणून निघाले. सोलापुरात एकच पत्ता माहीत होता, मामाचा. मामाची खोली दाजी पेठेत, म्हणून आम्ही दाजी पेठेत. एवढंच.

खोलीत दोन खड्डामाग, खड्ड्यात पाय सोडून चालवायचे हातमाग. दिवसा मागावर, रात्री मागाशेजारीच पथारी. कारखानदाराकडून उचल घेतलेली, ती फिटेस्तोवर पेठ सोडायची सोय नाही. फिटली की लग्न निघायचं, परत उचल.

आणि बायकांचं कुणी बोलत नाही. आई विड्या वळायची. सूप मांडीवर, चार जणी एका कट्ट्यावर. तंबाखू कमी पडली तर शेजारीण देणार, तापानं पडली तर तीच माल विडी कारखान्याच्या ब्रँचला पोचवणार. अशी शेजारीण सोडून आई कुठं जाणार?

एकदा बाहेर पडायचा प्रयत्न केलेला. वडिलांनी रेल्वे स्टेशनकडे भाड्याचं घर बघितलं. मालकानं आडनाव विचारलं, मग "घरात विड्या वळता का?" विचारलं, मग म्हणाला आमच्याकडं पाहुणे येणारेत. चाळीस वर्षं झाली, पाहुणे आले का नाही कळलं नाही.

बाळीवेस_कट्टा
आमच्या घरात कन्नड. आम्हीही एकाच अंगाला राहतो की. पण आम्हाला कुणी "बाहेरून आलेले" म्हणत नाही, गावचं दैवत सिद्धेश्वर आमच्या घरचाच ना! तुम्ही तीन पिढ्या राहून अजून "तिकडचे".

बार्शीवाला
पण आता तर माग बंद पडतायत म्हणे. मग लोक पांगायला नकोत का?

दाजीपेठेचा_माग
पांगले की. पण कसे ते बघा. 2006 मध्ये कुंभारीजवळ विडी कामगार बायकांना 10,000 घरांची वसाहत मिळाली, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची. घर विडीवर मिळालं, भाषेवर नाही. पण विड्या वळणाऱ्या आमच्याच गल्लीतल्या जास्त, मग गल्लीच उठून तिकडं गेली. माझी मावशी तिथं आहे, शेजारीणही जुनीच. भिवंडीतही तसंच, यंत्रमागामागं गेले आणि तिथं आमच्या लोकांचं पद्मानगर झालं.

पोरगा माझा पुण्यात. शेजारी कोण राहतं विचारलं तर म्हणतो, "माहीत नाही नाना." स्थळं मात्र साखर पेठेतलीच बघा म्हणतोय!

घर घ्या बिनधास्त. पाणी किती दिवसांनी येतं तेवढं आधी विचारा, भाषेपेक्षा ते महत्त्वाचं. आणि नारळी पौर्णिमेला आमच्या मार्कंडेय देवाचा रथ निघतो, त्या दिवशी गाडी बाहेर निघणार नाही.

बार्शीवाला
गाडी नाही, स्कूटी आहे.

दाजीपेठेचा_माग
स्कूटीपण नाही निघणार.