टर्मिनस की टर्मिनल?

रेल्वेचं ते टर्मिनस आणि विमानाचं ते टर्मिनल, अशी विभागणी काही जण करतात, ती मला पटत नाही. न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल हे चक्क रेल्वे स्टेशन, पण त्याचं अधिकृत नाव टर्मिनल. मार्ग जिथे संपतो ते टर्मिनस. सीएसएमटीला 18 फलाट आहेत आणि सगळ्यांचे रूळ बफरपाशी संपतात, पुढे वाटच नाही. चर्चगेटच्या नावात हा शब्द नसला तरी तेही टर्मिनसच, हे फार जणांच्या लक्षात येत नाही!

टर्मिनल म्हणताना भर सोयीवर असतो, म्हणजे माणसं किंवा माल चढवण्या-उतरवण्याच्या व्यवस्थेवर. न्हावा शेव्याच्या कंटेनर टर्मिनलवर उतरलेला माल पुढे मालगाडीने उत्तरेत जातो, त्याचा प्रवास तिथे संपत नाही. अमेरिकेत मात्र शेवटच्या स्टेशनालाही टर्मिनल म्हणतात. घोळ होतो तो तिथे.