पर्यावरणवादी नेत्यांना फॉलो करून उपयोग होतो का? मी म्हणते होतो, पण त्यांच्या सल्लागारांनाही करा

गोरेगावकर
4 ऑक्टोबर 2019ला उच्च न्यायालयानं मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडण्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं पडायला लागली. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली तोवर 2141 झाडं गेली होती. मी आरेपासून दहा मिनिटांवर राहते आणि मला हे कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध आणायला गेल्यावर. तो दिवस अजून डाचतो.

तेव्हापासून पर्यावरणावर बोलणारे आमदार-खासदार मी फॉलो करते. पण हाताला लागलं ते त्यांच्या आजूबाजूच्या माणसांकडून. धोरण लिहिणारे, आराखड्यांवर काम करणारे, पूर आणि हवेचे अभ्यासक. नेता भूमिका मांडतो. ही माणसं मसुदा टाकतात आणि हरकतींची शेवटची तारीख सांगतात. 2021मध्ये मुंबई वातावरण कृती आराखड्यासाठी सूचना मागवल्या होत्या, ते मला अशाच एका पोस्टमुळे कळलं. पावसाळ्यात आमच्या रस्त्यावर पाणी कुठून चढतं, त्यावर दीड पान लिहून पाठवलं. मार्च 2022मध्ये आराखडा आला. नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषला जाण्याचं, देशाचं वर्ष 2070, मुंबईनं 2050 धरलं. हे आकडे माहीत असले की मत मागायला आलेल्याला नेमकं विचारता येतं.

वरळी बंदर
ताई, तुमची तळमळ पटते, मुद्दा पटत नाही. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून आमच्या होड्या जाणार होत्या आणि दोन खांबांमध्ये अंतर होतं 60 मीटर. भरतीला, वारा असताना त्यातून होडी काढून दाखवा. आम्ही 160 मीटर मागत होतो. शेवटी डिसेंबर 2022मध्ये 120 मान्य झालं. ते कुणाच्या पोस्टनं झालं नाही. क्लीव्हलँड बंदरातली माणसं होड्या घेऊन समुद्रात उतरली, काम अडवलं, केसेस अंगावर घेतल्या. पर्यावरणाबद्दल सगळ्यात जास्त बोलणारे आमदार आदित्य ठाकरे आमच्याच मतदारसंघाचे, आणि हा रस्ता त्यांच्याच पक्षानं पालिकेत हौसेनं रेटलेला. 2019ला आरेवर विरोधाच्या पोस्ट पडत होत्या तेव्हाही पक्ष राज्याच्या सत्तेत होताच की. मग काय फॉलो करायचं?

गोरेगावकर
दादा, म्हणूनच फॉलो करायचं. 2019ला ते काय बोलले हे लोकांच्या लक्षात होतं, म्हणून पक्षाकडे मुख्यमंत्रिपद आल्यावर 2020मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलवायची घोषणा करणं भाग पडलं. शब्द नोंदलेला असला की धरता येतो.

वरळी बंदर
आणि 2022ला सरकार बदलल्यावर कारशेड परत आरेत आली. शब्द धरून काय हाती लागलं?

पिंपळपार
मी निवृत्त माणूस, माझा अनुभव सांगतो. आमच्या गल्लीतल्या पिंपळावर तोडणीची नोटीस चिकटवली होती. 1975च्या वृक्ष कायद्यानं हरकतीला मोजकेच दिवस मिळतात. कुठल्याही सल्लागारानं त्या पिंपळाबद्दल लिहिलं नव्हतं, लिहिणारही नव्हता. मी संध्याकाळी फिरायला जातो म्हणून दिसली. सोळा सह्या गोळा केल्या, हरकत दिली, पोच घेतली. पिंपळ आहे. तरुण मुलांना माझं एवढंच सांगणं, की मान वर करून चाला.

दुसरं, तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी फेब्रुवारी 2010मध्ये बीटी वांग्याला, म्हणजे जनुकबदल केलेल्या वांग्याला, स्थगिती दिली, ती सात शहरांत लोकांसमोर बसून, आपल्या नागपुरातही. शेतकरी समोर उभा राहून बोलत होता. त्याची सर फोनवरच्या अंगठ्याला नाही.

कांदळवन
काका, पिंपळाला नोटीस तरी लागते. खारफुटीला कोण कागद चिकटवणार? तो विषय किनारा क्षेत्र प्राधिकरणाच्या बैठकीत येतो आणि इतिवृत्त इंग्रजीत, पन्नास-पन्नास पानी असतं. माझी आई दहिसरच्या खाडीवर वाढली, तिला त्यातलं एक पान वाचता येणार नाही. ते वाचून मराठीत चार ओळींत सांगणारा कुणी असेल तर मी त्याला जरूर फॉलो करीन. गोरेगावकर ताईंशी माझं भांडण वेगळं आहे: हे सल्लागार बहुतेक इंग्रजीतच लिहितात. म्हणजे माहिती पोचते ती आधीच पोचलेल्यांना. आणि नेता बदलला की कालचा सल्लागार दुसऱ्या कामाला लागतो, खातं गप्प होतं.

गोरेगावकर
भाषेचं शंभर टक्के मान्य. मी स्वतः दोनदा शब्दकोश उघडून वाचते. पण खातं गप्प झालं तरी जुन्या पोस्टमधले मसुदे, तारखा तिथेच असतात. वरळीच्या दादांना होड्या उतरवाव्या लागल्या, कारण 60 मीटरचा आकडा कागदावर होता तेव्हा तो बंदरापर्यंत कुणी पोचवला नाही.

वरळी बंदर
पोचला होता ताई. आम्ही सांगत होतो, ऐकत कुणी नव्हतं. आमच्याकडे माहिती कमी नव्हती.

पिंपळपार
कांदळवन, दहिसरचं इतिवृत्त तुमच्याकडे असेल तर इथे टाका. इंग्रजी मी वाचून देतो, रविवारपर्यंत मराठीत करतो.