मदत हवी आहे : आंबोनचा कापाहाहा किल्ला कोणी पाहिलाय का?
मंडळी, इंडोनेशियातल्या आंबोन बेटावर मोरेला गावाच्या वर डोंगरावर कापाहाहा किल्ला आहे, लवंगेच्या मक्तेदारीपायी डच कंपनीशी भांडण पेटलं तेव्हा हितूच्या (बेटाचा उत्तरेकडचा भाग) लोकांनी तुलुकाबेसी नावाच्या सरदाराच्या हाताखाली तो झुंजवला, शेवटी १६४६ ला पडला आणि तुलुकाबेसीलाही डचांनी मृत्युदंड दिला. मला अडलंय ते पाण्याचं, वेढ्यात वर पाणी कुठून यायचं, टाकं की झरा? (गड म्हटलं की आधी टाकी शोधायची, सवयच आपली.) त्या लढाईच्या आठवणीत तिथली पोरं अजून रमजान ईदनंतर सातव्या दिवशी उघड्या पाठीवर खराट्याच्या हिरांनी एकमेकांना सपासप मारतात, रक्त येईस्तोवर! ते बघायला जायचंय, तर वर चढायला वाट कशीये, पावसात जमेल का?