बी विंग ग्रुप: बाबांची धडधड

बी-४०२: कुणी जागं आहे का? बाबांना (सासरे, वय ७१) संध्याकाळी सातपासून छातीत फडफड होतेय. दुखत नाही, दमही नाही. बीपी १३८/८४, पण मशीनवर आकड्यांशेजारी हृदयाचं चिन्ह लुकलुकतंय.

ए-२०४: वहिनी, गॅस असेल. ओवा द्या.

बी-७०१: फॉरवर्डेड आहे, वाचा. जोरजोरात खोकलं की ठोके जागेवर येतात.

सी-११०३ डॉक्टर: काका, हा मेसेज किती वर्षं फिरतोय! घरी खोकून काही होत नाही, कृपया पुढे पाठवू नका.
वहिनी, ते चिन्ह म्हणजे ठोक्यांमधलं अंतर मशीनला सारखं सापडलं नाही. हात हलला तरी येतं. बाबांना पाच मिनिटं शांत बसवा. मनगटावर त्यांच्या अंगठ्याच्या बाजूला तुमची दोन बोटं ठेवा. तुमचा अंगठा नको, त्यात स्वतःचीच नाडी लागते. पूर्ण ६० सेकंद मोजा. आकड्याइतकीच लयही सांगा: एखादाच चुकतोय की सगळंच बेताल?

सेक्रेटरी: टाकी साफसफाईमुळे उद्या १० ते १ पाणी बंद राहील.

ए-२०४: साहेब, आत्ता?

सेक्रेटरी: सॉरी, वरचं वाचलं नव्हतं.

बी-४०२: ११२ आले. ताल लागतच नाही. दोन पटपट, मग थांबतं, मग पुन्हा तीन.

सी-११०३ डॉक्टर: मग आज रात्रीच ईसीजी. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणं वेगळं. तो खरं तर वेळेआधी पडतो, मग जरा लांब थांबा आणि पुढचा जोरात आदळतो. जागरण, चहा, ताप, काहीही निमित्त पुरतं. हृदय निरोगी असेल तर बहुतेक वेळा निरुपद्रवी. पण सगळीच नाडी बेताल असेल तर एट्रियल फिब्रिलेशनची शंका घ्यावी लागते. वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त तिथे साकळतं. ती गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. हा धोका साधारण ५ पट वाढतो. दुखत नाही म्हणून सोडून देण्यातलं हे नाही.

बी-४०२: बाबा म्हणतायत, सकाळी उपवनला फेरी मारून मग जाऊ.

सी-११०३ डॉक्टर: उपवन कुठे पळत नाही! लय आपोआप जागेवर आली तर सकाळचा ईसीजी अगदी नॉर्मल येईल आणि आपण निवांत होऊ. त्रास चालू असतानाचीच पट्टी हवी. सातला सुरू झालं हे तिथे नक्की सांगा, ४८ तास उलटलेत की नाही यावर पुढचे उपचार ठरतात. घरून ॲस्पिरिन देऊ नका. गोळ्या कुठल्या चालू आहेत?

बी-४०२: बीपीची. आणि दोन दिवस केमिस्टकडची सर्दीची.

सी-११०३ डॉक्टर: दोन्ही पाकिटं सोबत घ्या. नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनी धडधड वाढते. निघेपर्यंत चक्कर, छातीत दुखणं, दम, तोंड वाकडं किंवा बोलणं अडखळणं, काहीही झालं तर सरळ १०८.

ए-२०४: गाडी काढतो. घोडबंदरला आत्ता ट्रेलर सुटलेत, वर्तकनगरकडून जाऊ.

(रात्री १२.४०)

बी-४०२: एट्रियल फिब्रिलेशनच निघालं. दाखल केलंय, ठोके आटोक्यात आणतायत. थायरॉइडसाठी रक्त घेतलं. पट्टीचा फोटो टाकू का?

सी-११०३ डॉक्टर: ग्रुपवर नको, मला वेगळा पाठवा.

बी-७०१: तो खोकल्याचा मेसेज डिलीट केला.