कार्डाच्या स्वागत पॉइंट्सवर विमानतिकीट: घोडं कुठे अडतं?

प्रश्न: नवीन क्रेडिट कार्डावर ९० दिवसांत ठरावीक खर्च केला की बोनस पॉइंट्स आहेत. त्यातून तिकीट काढायचंय. आधी काय तपासू?

प्रतिसाद १: पहिली अट तारखेची. बऱ्याच कार्डांचे ९० दिवस कार्ड हातात पडल्यापासून नव्हे, मंजुरीपासून मोजतात. कस्टमर केअरकडून शेवटची तारीख लेखी घ्या. वार्षिक फी, एटीएममधून काढलेली रोकड, व्याज हे सहसा खर्चात धरत नाहीत. परत केलेल्या वस्तूची रक्कमही वजा होते, म्हणून थोडा जास्तच खर्च ठेवा. काठावर थांबलात आणि एक रिफंड आला की बोनस गेलाच.

प्रतिसाद २: कार्डाचे पॉइंट्स एअरलाइनच्या पॉइंट्स-खात्यात वळवायची घाई अजिबात करू नका! वळवलेले पॉइंट्स बहुधा परत येत नाहीत. आधी एअरलाइनच्या साइटवर लॉगिन करून त्या तारखेला पॉइंट्सवर सीट आहे का पाहा, मगच वळवा. कर आणि असला तर इंधन अधिभार सहसा पैशांत वेगळा भरावा लागतो. हिशोब असा: पैसे देऊन काढलं तर भाडं २४,००० रुपये, पॉइंट्सच्या तिकिटावर भरायचे ४,००० रुपये, लागणारे पॉइंट्स ४०,०००. म्हणजे वाचलेले २०,००० भागिले ४०,०००, एका पॉइंटला अर्धा रुपया. त्याच पॉइंट्सवर कॅशबॅक यापेक्षा जास्त मिळत असेल तर तोच घ्या.

प्रतिसाद ३: बिल पूर्ण भरणार असाल तरच या वाटेला जा. 'किमान रक्कम' भरून उरलेल्यावर व्याज चढलं की तिकीट महागात पडतं.