मॉरिशस: आईबाबांना घेऊन जायचंय, कुठे राहावं?

गवतीचहा: गणपतीच्या सुट्टीला जोडून आईबाबांना मॉरिशसला न्यायचंय. आईचे गुडघे दुखतात, बाबांना इतिहासाची फार आवड. टूरवाले पूर्व किनाऱ्यावरचं रिसॉर्ट सुचवतायत, खाणंपिणं सगळं तिथेच. आम्ही शाकाहारी. जाणकारांनी सांगा.

समुद्रकाठ: त्या दिवसांत पूर्व किनारा नको. तेव्हा तिथे हिवाळा असतो आणि आग्नेयेचे वारे थेट त्याच बाजूला येतात. पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाक किंवा उत्तरेला त्रू-ओ-बिश बघा. आणि कृपया रिसॉर्टमध्ये अडकून पडू नका! बेट जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरचं, ड्रायव्हरसकट गाडी ठरवली की सगळं आवाक्यात येतं.

बाबांना राजधानी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट दाखवाच, भारतातून आलेले मजूर जिथे उतरत तो धक्का. गुलामगिरी संपवताना इंग्रजांना उसाच्या मळ्यांसाठी माणसं हवी होती. १८३४पासून सुमारे पाच लाख करारबद्ध मजूर मॉरिशसमध्ये उतरले, बहुतेक भारतातले. कलकत्ता आणि मद्राससारखीच मुंबईहूनही जहाजं सुटत, त्यातून आपली कोकणातली माणसंही गेली. घाटाची जागा लहान आहे, पण घाईत उरकू नका. नंतर ल मॉर्नचा डोंगर बघा, पळून आलेले गुलाम तिथे लपून राहत. डोंगर खालूनही छान दिसतो, आईंना चढायची गरज नाही. पाम्प्लमूसची बागही सपाट आहे, परातीएवढ्या पानांची कमळं त्यांना आवडतील.

कढीलिंब: खाण्याची काळजी सोडा. रस्त्यावर ढोल पुरी मिळते: पिवळ्या डाळीचं सारण भरलेल्या दोन मऊ पोळ्या, त्यात पावट्यासारख्या दाण्यांची आमटी, रुगाय म्हणजे टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी. डाळीचे वडे म्हणजे गातो पिमां. रुगायमध्ये कधी मासे किंवा मांसही घालतात, तेवढं विचारून घ्या.

गवतीचहा: मनापासून आभार! पूर्व किनारा रद्द. पण गणपतीतच गेलो तर तिथे काही बघायला मिळेल का?

समुद्रकाठ: नक्की. गणेश चतुर्थीनिमित्त तिथे सार्वजनिक सुट्टी असते, मूर्ती समुद्रात विसर्जित करतात. मराठी कुटुंबांनी झाकरी हा नाचही जपलाय, आपल्या जाखडीच्या घराण्यातला. आणखी एक: विमानतळ आग्नेय टोकाला आहे, म्हणून शेवटची रात्र माएबूरजवळ काढा. तिथून होडीने इल-ओ-एग्रेत या छोट्या बेटावर जाता येतं. मूळचं जंगल, मोठी कासवं आणि नामशेष होता होता वाचवलेलं गुलाबी कबूतर, सगळं गाईडसोबत दिसतं. होडीत चढउतार करावी लागते, त्यामुळे आईंना जमेल का ते आधी विचारा.