मोबाईल तापतो आणि बॅटरी उतरते, तुम्ही काय केलंत?

हँडसेट दुपारपर्यंत मान टाकतो आणि चार्जिंगला लावला की हातात धरवत नाही, असं बऱ्याच जणांचं होतंय. कशाने खरंच फरक पडला ते लिहा, ऐकीव उपाय नकोत प्लीज.

माझ्या केसमधे कारण निघालं रेंज! बेसमेंटला बसते, नेटवर्कची जेमतेम एक काडी, फोन टॉवर पकडायला जोर लावत राहतो आणि नुसता पडून असला तरी कोमट लागतो. आता तिथे एअरप्लेन मोड आणि वर वायफाय चालू, कॉल वायफाय कॉलिंगने येतात. संध्याकाळी निम्मी बॅटरी उरते.

+१ रेंजला. पण आधी सेटिंगमधे बॅटरी युसेज बघा. माझ्यात एक ॲप दिवसभर मागून लोकेशन घेत होतं, ते 'फक्त ॲप वापरताना' केलं आणि विषय संपला. रॅम साफ करणारी ॲप्स मात्र काढून टाका, ॲप सारखं मारून परत उघडायला उलट जास्त बॅटरी जाते.

गाडीत मॅप लावला की स्क्रीन फुल ब्राइट, जीपीएस, डेटा, चार्जिंग सगळं एकदम चालू आणि वरून काचेतलं ऊन, मग ऐन रस्त्यात चार्जिंगच थांबायचं. केबल चांगली होती, चार्जर पण चांगला, फोन तापला की तो स्वतःच चार्जिंग थांबवतो बॅटरी वाचवायला. होल्डर एसीच्या जाळीसमोर लावला, त्यानंतर एकदाही थांबलं नाही. वायरलेस चार्जर गाडीत नकोच, तो केबलपेक्षा जास्त तापवतो.

मोठ्या अपडेटनंतर एखाददोन दिवस तापला तर लगेच रीसेट मारू नका, आत फोटो वगैरेंची जुळवाजुळव चालू असते.

आणि कृपा करून तापलेला फोन फ्रीजमधे ठेवू नका, आत दव धरतं. कव्हर काढा, सावलीत पंख्याखाली ठेवा. मी ८०% ची चार्जिंग लिमिट पण लावलीये, रात्रभर उशीखाली चार्जिंग तर अजिबात नाही.

घरातल्या एका जुन्या फोनची स्क्रीन एका कडेने उचलली गेली होती, फटीत नख जाईल एवढी. बॅटरी फुगलेली! अशी दिसली तर दाबून बसवू नका, टोचू नका, चार्जिंगला तर लावूच नका, पेट घेऊ शकते. फोन बंद करून सरळ सर्व्हिस सेंटरला द्या.